इंटरनेटवरून परदेशी फोन: कुणाचा दर खरंच स्वस्त पडतो? सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल निर्यातीच्या एका ऑफिसात परदेशी गिऱ्हाइकांशी बोलायचं काम मी गेली बरीच वर्षं करतो. फोनच्या बिलाचा हिशेब ठेवायला तिथेच शिकलो. संध्याकाळी घरी आलो की ओळखीचे लोक मोबाइल पुढे करतात. कुणाचा मुलगा शारजाला, कुणाचा जावई मस्कतला, कुणाची भाची टोरांटोला. ते जे विचारतात ते वहीत टिपत गेलो. तेच प्रश्न उत्तरांसकट इथे देतोय.

व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट बोलता येतं, मग दर बघायचेच कशाला?

दोन्हीकडे तेच अ‍ॅप आणि बरं नेट असेल तर बघूच नका. दराचा प्रश्न येतो तो अ‍ॅपवरून साध्या फोन नंबरवर कॉल लावताना. मुलाच्या कंपनीचं ऑफिस, तिकडचं हॉस्पिटल, विद्यापीठाचा लँडलाइन, आपली वकिलात, किंवा साइटवर असलेला आणि नेटपॅक संपलेला माणूस. असा कॉल दरमहा चार-दोनदा तरी लागतोच, आणि बहुधा घाईच्या वेळी लागतो. म्हणून अ‍ॅप निवडून ठेवायचं ते घाई नसताना.

इंटरनेटवरून बोलतोय, तरी पैसे कशाचे?

शेवटच्या टप्प्याचे. तुमच्या आवाजाचे छोटे छोटे तुकडे होऊन ते इंटरनेटवरून त्या देशापर्यंत जातात, तिथवरचा खर्च नगण्य असतो. पुढे तिथल्या फोन कंपनीला तिच्या ग्राहकाची घंटी वाजवायची असते, आणि त्याबद्दल ती मिनिटावर पैसे घेते. याला टर्मिनेशन चार्ज म्हणतात. अ‍ॅपवाली कंपनी त्यावर आपला नफा चढवते आणि तो आकडा दर म्हणून तुमच्यापुढे ठेवते.

आपल्याकडेही तसंच आहे. परदेशातून भारतात येणाऱ्या कॉलवर इथली कंपनी मिनिटाला ३५ ते ६५ पैसे घेऊ शकते. ट्राय या दूरसंचार नियामकाने ठरवलेली ही मर्यादा १ मे २०२० पासून लागू झाली, त्याआधी सरळ ३० पैसे होते. देशातल्या देशात मात्र कंपन्यांमधली ही देवघेव १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाली. म्हणून तर साध्या रिचार्जवर देशभर हवं तितकं बोलता येतं.

अमेरिका एवढी लांब, तरी स्वस्त. दुबई दोन पावलांवर, तरी महाग. असं का?

अंतराचा आणि दराचा आता काही संबंध उरलेला नाही. अमेरिका-कॅनडात येणाऱ्या कॉलचे पैसे मोबाइलधारकाने द्यायची जुनी पद्धत होती, त्यामुळे तिथलं टर्मिनेशन अगदी थोडं आहे, आणि मोबाइल काय, लँडलाइन काय, दर जवळपास एकच. आखाती देशांत मोजक्या कंपन्या आहेत आणि त्यांचा शेवटच्या टप्प्याचा आकार चढा आहे. कुठलंही अ‍ॅप घ्या, त्या आकाराच्या खाली फार काळ विकणं त्याला परवडत नाही. दुबईचा दर कुणी इतरांच्या निम्म्याने देत असेल तर तो कॉल सरळ वाटेने जात नाही, एवढं समजावं. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

मी फोन लावला तर महाग, पोराने तिकडून लावला तर स्वस्त. खरं आहे का?

बरेचदा खरं आहे, आणि ही गोष्ट आखातात माणूस असलेल्या प्रत्येक घराला माहीत असायला हवी. अ‍ॅपचा दर तुम्ही कुठून बोलता यापेक्षा कुठल्या नंबरावर बोलता यावर ठरतो. भारताच्या नंबरावर येणारा कॉल शेवटच्या टप्प्यात पैशांत मोजला जातो, आखातातल्या नंबरावर जाणारा रुपयांत. म्हणून आई-वडिलांशी रोज बोलायचं असेल तर तिकडच्या माणसाने तिथे परवानगी असलेल्या अ‍ॅपवरून किंवा तिथल्या सिमच्या आंतरराष्ट्रीय पॅकवरून इकडे लावावा. इकडून फक्त मिस्ड कॉल. ही जुनी युक्ती आजही पैसे वाचवते.

दोन कंपन्यांचे दर समोर आहेत. पहिल्यांदा काय बघू?

पल्स. म्हणजे किती सेकंदांच्या टप्प्याने पैसे कापतात ते. दर सगळे बघतात, पल्स कुणी बघत नाही, आणि पैसे जातात ते तिथेच.

कुंभारीच्या विडी घरकुलात राहणाऱ्या एक काकू आमच्याकडे येतात. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, आणि सुपाच्या कडेला टेकवलेला मोबाइल. हात विड्या वळत असतात, स्पीकरवर मुलगा बोलत असतो. मुलाला कामावर फोन फार वेळ घेता येत नाही, म्हणून कॉल मिनिट-सव्वा मिनिटाचे. "जेवलास का? पैसे मिळाले. ठेव मग." एवढंच. एकदा त्या म्हणाल्या, "काय ओ, भरलेले पैसे आठवड्यात संपतात, मी बोलते तरी किती?" त्यांच्या अ‍ॅपमधली कॉलची यादी उघडून बसलो. सगळे कॉल ६५, ७०, ७२ सेकंदांचे, आणि प्रत्येकाला पूर्ण दोन मिनिटांचे पैसे कापलेले.

तो हिशेब आकड्यांत मांडतो. आकडे सोपे जावेत म्हणून मी धरलेले आहेत, कुठल्या कंपनीचे नाहीत.

पहिली कंपनी मिनिटाला १२ रुपये, पल्स ६० सेकंदांची. दुसरी मिनिटाला १४ रुपये, पल्स १ सेकंदाची. ७० सेकंदांच्या कॉलला पहिली दोन मिनिटं धरून २४ रुपये कापते, दुसरी १६ रुपये ३३ पैसे. असे महिन्याला २० कॉल झाले तर पहिलीकडे ४८० रुपये, दुसरीकडे ३२७ च्या आसपास. तक्त्यात "महाग" दिसणारी कंपनी दीडशे रुपये वाचवून देते.

आता उलट बघा. कुणी रविवारी एकदाच ४० मिनिटं ५ सेकंद बोलतं. पहिली ४१ मिनिटांचे ४९२ रुपये घेते, दुसरी ५६१. इथे पहिलीच बरी. म्हणजे स्वस्त कंपनी कोणती हे तुमच्या बोलण्याच्या सवयीवर ठरतं. शेजाऱ्याला परवडलं ते तुम्हाला परवडेलच असं नाही.

पल्स बहुधा दोन आकड्यांत लिहिलेली असते. ६०/६० म्हणजे मिनिटाच्या टप्प्याने. ३०/६ म्हणजे पहिली ३० सेकंदं पूर्ण धरणार, पुढे ६-६ सेकंदांनी. १/१ म्हणजे सेकंदाला सेकंद. हे दोन आकडे सापडेपर्यंत पैसे भरू नका.

दराशिवाय आणखी काय काय कापलं जातं?

काही कंपन्या कॉल उचलला गेला की एक ठोक रक्कम लावतात, कनेक्शन फी. मिनिटाचा दर कमी दाखवून ही फी आत ठेवायची, ही फार जुनी रीत आहे. छोट्या कॉलवाल्यांना ती सगळ्यात जास्त लागते.

दुसरं म्हणजे कर. भारतातल्या कंपनीच्या फोनसेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. दर करासकट दिलाय की कराशिवाय, ते बघा. करासकट १२ आणि कराशिवाय ११ अशी तुलना केली तर ११ वालाच महाग ठरतो, कारण तो १२ रुपये ९८ पैशांवर जातो.

तिसरं, डॉलर. परदेशी अ‍ॅपवर १० डॉलरचा बॅलन्स घेतला, डॉलर हिशेबाला ९० रुपये धरला, तर ९०० होतात. पण अनेक बँकांची कार्डं परकीय चलनाच्या व्यवहारावर २ ते ३.५ टक्के घेतात आणि त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी. साडेतीन टक्के धरले तर आणखी ३७ रुपये गेले. तोच बॅलन्स फोनवरच्या अ‍ॅपमधून घेतला आणि कंपनीच्या वेबसाइटवरून घेतला, तर किंमत वेगळी असू शकते. दोन्ही बघून मगच घ्या.

आणि दशांश चिन्ह नीट वाचा. ०.०२ डॉलर आणि ०.२ डॉलर यांत दहापटीचा फरक आहे. चष्मा लावून वाचा, किंवा घरातल्या कॉलेजच्या पोराकडून वाचून घ्या.

एकाच देशाचे चार-चार दर का असतात?

कारण दर देशाच्या नावावर ठरत नाही, नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यांवर ठरतो. ब्रिटनचा मोबाइल ४४ नंतर ७ ने सुरू होतो, लँडलाइन बहुधा १ किंवा २ ने, आणि दोन्हींचे दर वेगळे. दुबई-शारजाचे मोबाइल ९७१ नंतर ५ ने सुरू होतात. जाहिरातीत "ब्रिटन अमुक पैशांपासून" लिहिलेलं असतं तो आकडा लँडलाइनचा असतो, आणि आपल्याला लावायचा असतो मोबाइल.

याहून मोठा फास +१ चा. अमेरिका आणि कॅनडा +१, हे सगळ्यांना पाठ. पण कॅरिबियनमधली कितीतरी बेटंही +१ मध्येच येतात. ८७६ म्हणजे जमैका, ४७३ म्हणजे ग्रेनाडा, ८०९ म्हणजे डॉमिनिकन रिपब्लिक. नंबर अमेरिकेसारखा दिसतो, दर कैक पट. अनोळखी नंबरावरून एक घंटी वाजून बंद झाली की उलट फोन लावू नका. असे मिस्ड कॉल देऊन महागड्या नंबरावर फोन लावायला भाग पाडणं हा एक धंदाच आहे. ८७० आणि ८८१ ने सुरू होणारे नंबर उपग्रह फोनचे, तेही भयंकर महाग.

रात्री अकरानंतर लावला तर स्वस्त पडतो का?

हा प्रश्न साठीच्या पुढचे लोक हमखास विचारतात, आणि त्यामागची आठवण मलाही आहे. नवी पेठेतल्या एसटीडी बूथवर रात्री अकराची वाट बघत उभे असलेले लोक, काचेच्या खोक्यात लाल आकडे पळवणारं मीटर, आणि फोन ठेवला की कर्रकर्र करत बाहेर येणारी पावती. तेव्हा रात्री उशिरा पाव दर लागायचा. आता अ‍ॅपच्या दरात दिवस-रात्र असा फरक बहुधा नसतो. झोपमोड करू नका. वेळ बघायची ती समोरच्याची. दुबई-मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे, रियाध-दोहा-कुवेत अडीच तास मागे.

"अनलिमिटेड" पॅक घ्यावा का?

अटी वाचून. अशा पॅकच्या खाली वाजवी वापर नावाची अट असते आणि त्यात महिन्याला ठरावीक मिनिटं, किंवा ठरावीक इतकेच वेगवेगळे नंबर, अशी मर्यादा असते. मी एकच कसोटी लावतो. गेल्या तीन महिन्यांतली खरी मिनिटं मोजायची, सरासरी काढायची, आणि पॅकच्या किमतीला तिने भागायचं. अमेरिका-कॅनडाला तासन्‌तास बोलणाऱ्याला पॅक परवडतो. आखाताच्या मोबाइलला खरा अनलिमिटेड सहसा मिळत नाही, आणि मिळतोय असं कुणी सांगितलं तर देशांची यादी उघडून बघा, त्यात तो देश नसतो.

एकदम मोठी रक्कम भरून ठेवू का? जास्तीचा बोनस मिळतोय.

नको. सगळ्यात लहान रक्कम भरा. बॅलन्सला मुदत असते, अनेक ठिकाणी सहा महिने वापर नसला की तो गोठतो किंवा जातो. माझे स्वतःचे एकदा असेच गेलेत. कॉलच लागले नाहीत त्या काळात, आणि उघडून बघितलं तर शून्य. कंपनीने अटींतलं कलम दाखवलं, ते बरोबरच होतं, वाचलं मी नव्हतं.

शिवाय सेवाच बंद होऊ शकते. स्काइपसारखं नाव, ज्याच्यावर लोकांनी अख्खी वीस वर्षं परदेशी फोन केले, ते मायक्रोसॉफ्टने ५ मे २०२५ ला बंद केलं. घोषणा फेब्रुवारीअखेर झाली, म्हणजे हातात जेमतेम दोन महिने.

मुलगा दुबईत आहे. व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागतच नाही. व्हीपीएन टाकू का म्हणतो.

व्हीपीएन म्हणजे आपण नेट कुठून वापरतोय ते लपवणारं अ‍ॅप. त्याला नाही म्हणा, आणि ठामपणे म्हणा. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेट कॉलला परवाना लागतो, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज जातो पण कॉल लागत नाही. बोटिमसारखी काही अ‍ॅप्स तिथे परवानगीने चालतात. व्हीपीएन आड लपून बेकायदा गोष्ट केली तर तिथल्या सायबर कायद्यात ५ लाख ते २० लाख दिरहम दंड आहे. पाच-सहाशे रुपये वाचवायला पोराची नोकरी आणि व्हिसा पणाला लावू नका. हे मी दरवेळी हात जोडून सांगतो. सौदीने मात्र इंटरनेट कॉलवरची सरसकट बंदी सप्टेंबर २०१७ मध्ये उठवली.

सोलापुरातून पुण्याला अशा अ‍ॅपवरून फोन लावता येतो का?

परदेशी अ‍ॅपवरून भारतातल्या भारतात साध्या नंबरावर सहसा नाही. स्काइपनेही ही सोय १० नोव्हेंबर २०१४ पासून बंद केली होती. भारतातल्या नंबरांना जोडायला इथला परवाना लागतो. परवानाधारक कंपन्यांना अ‍ॅपवरून फोन सेवा द्यायची वाट २०१८ मध्ये मोकळी झाली आणि बीएसएनएलने त्याच वर्षी जुलैत "विंग्ज" जाहीर केली. पण रिचार्जमध्ये देशभर बोलणं आलेलंच असताना घरगुती माणसाला याची गरज नाही.

नेटचा डेटा फार जातो का?

नाही. आवाज न दाबता पाठवणारी पद्धत तासाला साधारण ७५ ते ८० एमबी खाते, दाबून पाठवणारी ३० च्या आत. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर विचारच करू नका. व्हिडिओ चालू केला की मात्र हिशेब बदलतो.

आवाज तुटतो, घुमतो. स्वस्त कंपनी म्हणून का?

कधी कंपनी, कधी आपलं घर. आधी घर तपासा. राऊटरपासून दोन भिंती पलीकडे बसून बोलत असाल, किंवा शेजारच्या खोलीत कुणी मॅच बघत असेल, तर कंपनीला दोष देऊन उपयोग नाही. आवाज एका बाजूने पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागला तर कानाला कळत नाही. त्याच्या बराच पुढे गेला की दोघं एकदम बोलायला लागतात आणि "हॅलो, हॅलो" सुरू होतं. लाईट गेली की राऊटरही जातो, म्हणून राऊटरपुरता छोटा बॅकअप घेऊन ठेवा. आमच्या ऑफिसात गिऱ्हाइकाशी भाव ठरवता ठरवता दोनदा लाईन गेली, तेव्हाच तो घेतला.

घरचं सगळं ठीक असेल तर कंपनीची परीक्षा अशी घ्या. सलग पाच कॉल लावा. किती पहिल्याच झटक्यात लागले? समोरच्याला तुमचा नंबर दिसला, की भलत्याच देशाचा, भलताच मोबाइल नंबर दिसला? भलता दिसला तर कॉल चोरवाटेने गेला. अशा वाटेवरचे कॉल मध्येच तुटतात, आणि समोर कुणी न उचलताही पैसे सुरू झालेले असतात. तुटलेला कॉल पुन्हा लावला की पुन्हा पहिली पल्स, पुन्हा कनेक्शन फी. दर कितीही कमी असला तरी इथे सगळं पाण्यात जातं.

एक जण म्हणतो, खोलीत फक्त एक मशीन ठेवू द्या, महिन्याला भाडं देतो. त्यात बरीच सिमकार्डं असतात.

ताबडतोब नकार द्या. ती सिम बॉक्स. परदेशातून इंटरनेटवर आलेले कॉल त्या सिममधून स्थानिक कॉल म्हणून सोडले जातात, सरकारचा आणि कंपन्यांचा पैसा बुडतो, आणि फसवणुकीचे कॉलही त्यातूनच जातात. दूरसंचार कायदा २०२३ प्रमाणे परवान्याशिवाय अशी सेवा चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलीस येतात ते ज्याच्या खोलीत मशीन आहे त्याच्याकडे.

परदेशातून आलेला कॉल असूनही स्क्रीनवर भारतीय नंबर दिसला, तर १९६३ वर किंवा संचार साथी पोर्टलवर कळवा. आणि कुणी पैसे काढून घेतले असतील तर थांबू नका, १९३० ला लगेच फोन करा.

कारखान्याच्या ऑफिससाठी काय घ्यावं?

रोज वीस-पंचवीस परदेशी कॉल असतील तर मोबाइल अ‍ॅपचा नाद सोडा आणि परवानाधारक कंपनीकडून सिप ट्रंक, म्हणजे ऑफिसच्या फोनना इंटरनेटवरून मिळणारी लाईन, घ्या. यात दरासोबत चॅनेलचं भाडं असतं. एका चॅनेलवर एका वेळी एकच कॉल. आमच्याकडे आधी दहा चॅनेल सांगितले होते. महिनाभर मोजलं तेव्हा एका वेळी चारच्या वर कॉल कधी झालेच नाहीत. चार घेतले आणि भाडं निम्म्याहून खाली आलं. जर्मनीचं गिऱ्हाईक उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार, त्यामुळे कॉलची गर्दी दुपारी दोन ते सहा होते. तुमची गर्दी कधी होते ते आधी लिहून काढा.

गावातल्या कुणी "परदेशी लाईन इथल्या लँडलाइनला जोडून देतो, आयएसडीचे पैसे वाचतील" असं सांगितलं तर विकणाऱ्याचा परवाना मागा. परवान्याची प्रत दाखवायला का-कू केली की तिथेच थांबा.

अ‍ॅपवरून ११२ लागतो का?

त्यावर विसंबू नका. अपघात, आग, दवाखाना, काहीही असो, साध्या सिमवरूनच ११२ लावा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये सिम चालू आहे ना, हे दर महिन्याला बघत जा.

कॉल लागला नाही तरी पैसे कापले. तक्रार कुठे करायची?

आधी अ‍ॅपमधल्या कॉलच्या यादीचा फोटो काढा. तारीख, वेळ, सेकंद आणि कापलेली रक्कम त्यात दिसली पाहिजे. सेवा भारतीय कंपनीची असेल तर तिच्या ग्राहक सेवेकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. परदेशी अ‍ॅप असेल तर ईमेल हाच मार्ग. मोडकं इंग्रजी चालतं, पण फोटो जोडा आणि एका मेलमध्ये एकच कॉल लिहा.

घरकुलातल्या काकूंसाठी असा एक मेल मी पाठवला होता. नवव्या दिवशी २४ रुपये परत जमा झाले. त्यांनी ते त्याच संध्याकाळी मुलाला फोन करून सांगितले. ७१ सेकंद बोलल्या, आणि या वेळी पैसे ७१ सेकंदांचेच कापले गेले.